माह्या अ‍ॅम्पची खडखड

हसायचं त खुशाल हसा, पण आधी एक कबूल करा. शेवटी कोणी "अ‍ॅम्पच खराब होता" असं म्हटलं, त त्याले माह्या घरचा चहा बंद! माही इज्जत त अकोल्यात भर मांडवात गेलीच हाये, ती काय तुमच्यापासून लपवू? पण अ‍ॅम्पची जाऊ देणार नाही.

मी अमरावतीचा. जवानीत ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत होतो. परतवाडा म्हणू नका, वरूड म्हणू नका, जिथं मांडव तिथं आमी. ऑर्केस्ट्रा बंद पडला तवा कोणी कीबोर्ड नेला, कोणी ढोलक नेली, मी बेसचा अ‍ॅम्प नेला. व्हॉल्वचा! जुन्या रेडिओत काचेच्या नळ्या असत ना, तशाच मोठ्या नळ्याईवर चालणारा. त्याच्यासंगं स्पीकरच्या दोन पेट्या, एकेक कपाटाएवढी. उचलाले चार माणसं लागतात, आन् एकदा उचलाले आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

बटन दाबलं की लगेच वाजत नाही तो. नळ्या तापू द्या लागतात. मग आत तांबडा उजेड पडते, आन् जाड तार छेडली की आवाज कानात नाही, छातीत येते. आजकालचे ते टिफिनच्या डब्याएवढे अ‍ॅम्प! त्याईले काय बेस म्हणता? मच्छर हायेत मच्छर!

माही बायको सुमन म्हणते, "दिवाणखान्यात पावणे बसवाचे का पेट्या, ते एकदा ठरवा."

मी म्हटलं, "पेट्या. पावणे निघून जातात."

त झालं असं. अकोल्याले माह्या साळ्याच्या, प्रकाशच्या, पोरीचं लग्न निघालं. आदल्या दिवशी गाण्याचा कार्यक्रम, घरच्याच हौशी लोकाईचा. प्रकाशचा फोन आला.

"भाऊजी, बेस तुमीच वाजवा. पण ते डबडं नका आणू. माह्या मित्राजवळ नवीन छोटा अ‍ॅम्प हाये."

"डबडं कोणाले म्हणून राह्यला बे?"

"जुनं झालं ते. मांडवात खडखड करीन, पावण्याईत शोभा होईन."

झालं! माह्यं डोकं तापाले नळ्याईएवढाही वेळ लागत नाही. म्हटलं, "ऐक प्रकाश. मांडवात खडखड झाली ना, त तिथल्याच भंगारवाल्याले देऊन येईन. माह्या हातानं! शब्द हाये माहा!"

फोन ठेवला. सुमननं सारं ऐकलं होतं. ती उठून देवापुढं दिवा लावाले गेली. काहून, ते तिलेच माईत.

दुसऱ्या दिवशी सरावाले बसलो. नळ्या तापल्या, जाड तार छेडली, आन् खडखड!

"सुमन, ऐकलं का?"

"काय?"

"खडखड!"

"मले त काईच नाही ऐकू आलं."

"कान तपासून घे."

"आन् तुमी डोकं. कवळी बसवली तवापासून नुसते चिडूनच राह्यले."

आता मले सांगा, ज्याची उभी जिंदगी त्या आवाजात गेली, त्याले खडखड समजणार नाही? व्हॉल्व ढिला असला की टिचकी मारल्यावर वाजते. म्हणून स्वयंपाकघरातला लाकडी चाटू आणला आन् एकेका नळीले हळूच मारून पाह्यलं. नळ्या चूप. पेट्याईचे स्क्रू आवळले, जाळ्या काढल्या. तरी खडखड! म्हटलं, घरातलंच काई वाजत असन. मांडणीवरचे सारे भांडे उतरवले. वाट्या, ताटं, पराती, सारं पलंगावर. सुमन कमरेवर हात ठेवून म्हणे, "आता झोपा परातीत."

मग मी शेजारी देशमुखाकडे गेलो. मे महिना, आन् अमरावतीचं ऊन! म्हटलं, "साहेब, तुमच्या कुलरचा पत्रा वाजून राह्यला, बंद करा."

"अहो, भर दुपार आहे!"

"मंग?"

बिचाऱ्यानं केला बंद. घामानं निथळत खिडकीतून विचारते, "गेली का खडखड?"

"नाही."

"मंग लावू का कुलर?"

"थांबा जरा!"

तसंच थांबवलं त्याले. अजून बोलत नाही माह्याशी.

शेवटी मेकॅनिक आणला. त्यानं तारा छेडल्या, पेटीले कान लावला, म्हणे, "काका, याच्यात काईच बिघाड नाही." मी बाजूलेच उभा, आन् मले खडखड चालूच! म्हटलं, "अरे, मंग ही काय?" म्हणे, "कोणती?" त्याले दारापर्यंत सोडलं आन् दार लावलं. सारी अमरावती बहिरी झाली होती!

तुमी म्हणान, कोणालेच ऐकू येऊन नाही राह्यलं, त चूप बसाचं ना! शब्दही वाचते, अ‍ॅम्पही वाचते. सुमनही हेच म्हणे. पण आपल्याच अ‍ॅम्पची खडखड दाबून ठेवू? मी? छे!

टेम्पोत पेट्या घालून अकोल्याले गेलो. कार्यक्रम सुरू झाला. काय बेस वाजला म्हणता! मांडवाचे खांब हलले. प्रकाश सौता पुढं येऊन मान डोलवून राह्यला. जिंकलो होतो हो मी! आन् माह्या कानात? खडखड, खडखड.

सहन होईना. भर गाण्यात हात वर केला. "थांबा! बंद करा!"

गाणारी बाई अर्ध्या ओळीतच थांबली. मी माईक घेतला. "मंडळी, माफी असावी. अ‍ॅम्प खडखड करून राह्यला."

प्रकाश म्हणे, "कुठी भाऊजी? मस्त त वाजून राह्यला!"

पाहा, साळा सोडून देऊन राह्यला होता. पण मी सोडीन त ना! "तुले कान हायेत का नाही? घे गिटार, छेड जाड तार. मी ऐकवतो तुले!"

मी पेटीले चिपकून बसलो. माईक तोंडाजवळ, तोंड मिटलेलं, डोळे मिटलेले. प्रकाशनं तार छेडली. आन् मांडवातल्या साऱ्या भोंग्याईतून, खडखडखडखड!

"पाहा!" मी ओरडलो. "म्हणत होतो ना मी?"

बोललो, त खडखड बंद. चूप झालो, त चालू.

बायाईतून सुमन उठली आन् सरळ माह्यापुढं येऊन उभी राह्यली. "तोंड उघडा."

"काहून?"

"उघडा म्हणते ना!"

उघडलं. तार चालू, खडखड बंद.

"मिटा."

खडखड!

"उघडा."

बंद.

तिसऱ्या वेळी त पावणेच एका सुरात ओरडाले लागले, "मिटा! उघडा!"

माही कवळी, दुसरं काय! लग्नाच्या फोटोत हसाले पाहिजे म्हणून नवीन बसवलेली, वरची जरा ढिली. बेसच्या दणक्यानं दातावर दात आपटत होते, आन् माह्या डोक्स्यातल्या डोक्स्यात मलेच ऐकू येत होते. सारा मांडव लोळला. नवरीचं काजळ गालावर आलं.

प्रकाश पोट धरून म्हणे, "भाऊजी, शब्द हाये तुमचा. बोलावू का भंगारवाला?"

"अ‍ॅम्पची नाही झाली खडखड!"

"मांडवात खडखड झाली त, असं म्हटलं होतं तुमी. कायची, ते कुठी म्हटलं होतं?"

होतं त बरोबर त्याचं. पण मी काय असा हार मानणारा माणूस हावो? "ठीक हाये," म्हटलं, "जे वाजलं ते भंगारात!" तिथंच कवळी काढली, रुमालात गुंडाळली, त्याच्या हातावर ठेवली. "दे भंगारवाल्याले. अ‍ॅम्प माह्यासंगं घरी येईन!"

काय टाळ्या पडल्या! पुढचे सारे गाणे वाजवले, एकदम साफ. फक्त लग्नाची पंगत अजून व्हायची हाये, हे रागात ध्यानात नाही राह्यलं. दुसऱ्या दिवशी प्रकाशनं सौता माह्या ताटात एकावर एक पापड वाढले. मी मठ्ठ्यावर लग्न काढलं, पण चेहऱ्यावर दिसू नाही देलं.

सुमन म्हणते, दुसरी कवळी बसवा. मी साफ नाही म्हटलं. दातापायी अ‍ॅम्पवर पुन्हा शंका? नाही म्हणजे नाही! पेट्या दिवाणखान्यात जिथल्या तिथं हायेत, आन् बेस असा वाजते की रस्त्यावरून जाणाऱ्यालेही एकेक सूर वेगळा समजते. फक्त मी काय बोलून राह्यलो, ते घरात कोणालेच समजून नाही राह्यलं. म्हणून त हा किस्सा लिहून देला!