आम्ही बाहेर असताना झालेलं गाणं

माझी आणि तिची ओळख एका ब्लाउजमुळं झाली. अंबाजोगाईत बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं शिलाईचं दुकान आहे. मी एका खाजगी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करते. दुपारी लॅब सामसूम असते. अशाच एका दुपारी कापड घेऊन मी तिच्याकडं गेले. ती पाठमोरी बसून मशीन चालवत होती आणि शेजारच्या छोट्या स्पीकरवर गाणं चालू होतं. मी दारातच थांबले. लातूरला कोर्स करत असताना होस्टेलवर ते गाणं मी इतक्यांदा ऐकलं होतं की पुढची ओळ तोंडातून निघूनच गेली. तिनं मशीन थांबवली, वळून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तुमाला हे कसं काय येतं?"

"तुमाला कसं येतं?" मी विचारलं.

तिचा भाऊ मोबाईल दुरुस्त करायचा आणि गिऱ्हाइकांना मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा. त्याच्याकडून चुकून हा बँड तिच्या कार्डात आला आणि तिथंच राहिला. त्या दिवशी बोलण्याच्या नादात मापं घ्यायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं.

बँडचं नाव इथं घेत नाही. ज्यांना माहीत आहे ते ओळखतील, आणि इतरांचं त्यावाचून काही अडणार नाही. चार जण आहेत. कॉलेजात असताना त्यांनी सुरुवात केली, आता त्यांच्या दाढ्या पांढऱ्या व्हायला लागल्यात. हिंदी गातात, मधूनच मराठी. सिनेमात त्यांचं गाणं कधी आलं नाही, त्यामुळं आमच्याकडं वरातीत किंवा गणपतीत ते कुणी वाजवत नाही. घाटनांदूरला माझ्या माहेरी मी एकदा लावलं, तर वडील म्हणाले, "गिटार जरा कमी कर, माणूस काय म्हणतोय ते ऐकू येऊ दे." त्यांचं तसं खरंच होतं.

तिच्या दुकानात बसून आम्ही या बँडवर जितकं बोललो तितकं घरच्या माणसांवरही बोललो नसू. फोनवर चाहत्यांचा एक ग्रुप आहे, त्यात तिनं मला घेतलं. सोलापूर, नांदेड, पुणे, कुठकुठली माणसं त्यात आहेत. कुठं कार्यक्रम झाला की कुणीतरी गाण्यांचा क्रम टाकतं आणि मग दोन-दोन दिवस वाद चालतो. सुरुवात कशानं केली, मधे काय गाळलं, शेवट कशावर आणला. गाण्यांना खरी नावं आहेत, पण ग्रुपवर आमची आपली वेगळी. एक शिट्टीवालं, कारण ते शिट्टीनं सुरू होतं. एक पुलाचं. एक भांडणाचं.

शिट्टीवाल्यावरून आमचं नेहमी वाजायचं. बँड बहुतेक वेळा त्यानंच सुरुवात करायचा आणि मला ते पटायचं नाही.

"लोक अजून खुर्च्या शोधत असतात," मी म्हणायचे. "चांगलं गाणं वाया जातं."

"अगं, खुर्ची शोधणारा माणूस शिट्टी ऐकून हाय तिथं थांबतो. त्याच्यासाठीच तर पहिलं घेतात," ती म्हणायची. कापडावर खडूनं रेघ मारत, वर न बघता बोलायची. "तुला शेवटी पायजे म्हणजे काय, लोक घरला निघाल्यावर शिट्टी मारायची का?"

एका गाण्यावर मात्र दोघींचं एकमत होतं. त्याला आम्ही लांबटं म्हणायचो. बसस्टँडवर थांबलेल्या एका माणसाचं गाणं आहे ते. शब्द थोडे, वाद्यंच जास्त, आणि संपता संपत नाही. पहिल्या दिवशी दुकानात चालू होतं ते हेच. बँड ते कार्यक्रमात कधी घेत नसे. ग्रुपवर जुनी माणसं म्हणायची, तेवढ्या वेळात तीन गाणी बसतात, शिवाय लोक कंटाळतात. आम्ही दोघी दर वेळी क्रम वाचून बघायचो आणि दर वेळी ते नसायचं.

त्यांना समोर गाताना आम्ही कधी बघितलंच नव्हतं. पुण्यात कार्यक्रम ठरल्याचं कळलं तेव्हा ती म्हणाली, "जाऊ." एवढंच. तिची आपा, म्हणजे मोठी बहीण, पुण्यात असते, राहायची सोय होती. घरी सासूनं तिला विचारलं, "कसला कार्यक्रम हाय?" ती म्हणाली, "गाण्याचा." "कव्वाली का?" "तसंच काहीतरी, अम्मी." माझ्या नवऱ्यानं कार्यक्रमाचं काही विचारलं नाही. दोन दिवस स्वयंपाकाचं काय, एवढंच त्यानं विचारलं आणि मुलगी म्हणाली, मी करते.

मैदान मोठं होतं. आमच्या आजूबाजूला आमच्या निम्म्या वयाची पोरं, आणि मधे आम्ही दोघी, मी सलवार-कमीजमध्ये आणि ती डोक्यावर ओढणी घेऊन, हातात आपानं दिलेला डबा. आत जाताना हातावर शिक्का मारला. दिवे गेले, शिट्टी वाजली आणि मैदान उठून उभं राहिलं. तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "बघ," ती म्हणाली. मला मान्य करावं लागलं. जागच्या जागी मी गार पडले होते. दुसरं गाणं पुलाचं. तिसरं नवीन. मग भांडणाचं. आम्ही दोघी ओरडून गात होतो आणि आमचं आम्हालाच ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात फोन थरथरायला लागला. नवरा. मी घेतला नाही. परत आला. परत आला. मुलीला काही झालं की काय म्हणून मी मैत्रिणीला खूण केली आणि गर्दीतून वाट काढत फाटकाबाहेर आले. तिथं जनरेटर धडधडत होता. एक कान दाबून मी बोलले, "काय झालं?"

"नळ आले," नवरा म्हणाला. "मोटार पाणीच ओढंना."

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही हे माहीत नसलेल्या माणसाला माझी अवस्था कळणार नाही. पाणी गेलं की मग परत कधी येईल ते सांगता येत नाही. टाकी रिकामी होती, हे मला निघतानाच ठाऊक होतं.

"अहो, आधी बटण बंद करा. मोटारीच्या वर एक नट हाय, तो खोला. तांब्यानं पाणी वता त्यात."

"कोणता नट? इथं दोन हायत."

मी त्याला नट सांगितला. पाना कुठं आहे ते सांगितलं. पाना तिथं नव्हता. मुलगी शेजारी पाना मागायला गेली. तोवर नवरा फोन धरून उभा आणि मी जनरेटरशेजारी उभी. आतून नुसतं धप-धप ऐकू येत होतं. मग तेही कमी झालं, मला वाटलं मधे विश्रांती असेल. शेवटी पाण्याची धार टाकीत पडल्याचा आवाज मी फोनवर ऐकला आणि मगच आत गेले.

ती जागेवर नव्हती. थोड्या वेळानं आली, हातात पाण्याची बाटली.

"कुठं गेलतीस?"

"पाणी आणायला. काय झालं घरी?"

मी सांगितलं. ती हसली. मी विचारलं, "मधे काय काय म्हटलं?"

"काई खास न्हाई. नवीनच दोन."

नंतरची गाणीही चांगली झाली. शेवटी दिवे लागले, लोक निघाले, आम्ही रिक्षा करून आपाकडं गेलो. मला फार बरं वाटत होतं. लांबटं झालं नाही याचं वाईटही वाटलं नाही. ते होणार नाही हे धरूनच आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाजोगाईची एसटी धरली. दुपारी लिंबागणेशच्या अलीकडं एका हॉटेलावर गाडी थांबली. आम्ही चहा घेतला. शेजारच्या टेबलावर बँडचे टीशर्ट घातलेली दोन पोरं वडापाव खात होती. आमच्याच गाडीत होती, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात शिकणारी. एक उंच, एक चष्मेवाला. जोरजोरात वाद चालला होता.

"मधेच घ्यायला नको होतं," उंच पोरगा म्हणत होता. "अर्धी पब्लिक उठून गेली बे."

"जाऊ दे ना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घेतलं त्यांनी. स्टँडवरचं गाणं लाईव्ह ऐकलं, अजून काय पायजे तुला?"

माझा कप तसाच हातात राहिला. मी त्यांच्याकडं वळले. "बसस्टँडचं? लांब आहे ते? ते झालं काल?"

"झालं की, ताई. भांडणाच्या गाण्यानंतर लगेच. तुमी नव्हत्या का?"

मी मैत्रिणीकडं बघितलं. ती चहात बघत होती. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला तिचा राग नाही आला, नवऱ्याचा आला. त्या नटाचा आला. एका मोटारीसाठी आपण जनरेटरशेजारी उभ्या राहिलो या विचारानं हॉटेलात बसून रडू यायची वेळ आली. मग तिचा राग आला.

"तू म्हणालीस नवीन दोन झाली."

"हं."

"तू ऐकलंस आणि मला सांगितलं न्हाईस. कावून?"

"मी कुठं ऐकलं?" ती म्हणाली. "तुझा फोन सारखा बिझी. तीनदा फोन आल्यावर तू पळत गेलीस, मला वाटलं घरी काहीतरी वाईट झालं. मी तुला शोधायला त्या दुसऱ्या फाटकातून बाहेर गेलते. तिकडं तू नव्हतीस. फाटकातून परत आत शिरले तर लोक टाळ्या वाजवत होते. शेवटचा तेवढा तुकडा कानावर आला, लगेच ओळखला. बाजूच्या पोरीला विचारलं, ती म्हणाली पूर्ण घेतलं."

"मग पाण्याची बाटली?"

"तिथून जागेवर येताना घेतली. कुठं गेलतीस म्हणून तू विचारणार, हातात काहीतरी पायजे ना."

मी कप खाली ठेवला. तीच पुढं म्हणाली, "सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? आपल्यामुळं हिचंबी गेलं, हेच धरून बसली असतीस. पुढची सगळी गाणी गेली असती. म्हटलं, अंबाजोगाईला गेल्यावर सांगू. दुकानात. निवांत."

मी तिचा हात धरला. तिचा हात कात्रीनं घट्टे पडलेला, खरखरीत आहे. पोरं आमच्याकडं बघत होती. तेवढ्यात मला हसू फुटलं आणि तिलाही फुटलं. वेटरनं विचारलं, अजून चहा आणू का.

गाडीत आम्ही चौघं मागच्या बाजूला बसलो. "आता सांगा," मैत्रीण पोरांना म्हणाली. "पहिल्यापासून. काई गाळायचं न्हाई."

त्यांनी सांगितलं. म्हणजे एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं खोडायचं. चष्मेवाला म्हणाला, सुरुवातीला फक्त गिटार होती, ढोल कडव्यानंतर आले. उंच पोरगा म्हणाला, ढोल पहिल्यापासून होते, पण हळू. गाण्याची चाल रेकॉर्डवर आहे त्याहून संथ ठेवली होती, यावर मात्र दोघांचं एकमत झालं. गाणारा मधे एक ओळ विसरला आणि समोरच्या लोकांनी ती म्हटली.

"कोणती ओळ?" मी विचारलं.

उंच पोरानं ती म्हणून दाखवली. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी वळून बघितलं. मैत्रिणीनं पुढची ओळ म्हटली, दबक्या आवाजात. मग मी. वाद्यांच्या जागी चष्मेवाला सीटच्या पाठीवर बोटं वाजवत होता. मांजरसुंब्यापासून पुढं बराच वेळ हे चाललं. कंडक्टरनं एकदा येऊन विचारलं, "काय, गॅदरिंग हाय का?" आणि तिथंच टेकून उभा राहिला.

चष्मेवाल्याकडं व्हिडिओही होता. त्यात बँडपेक्षा त्याचाच आवाज जास्त. हात इतका हलला होता की स्टेजवरचे दिवे तेवढे दिसत होते. आम्ही तो पूर्ण बघितला.

त्यानंतर ती दोघं रविवारी दुकानात यायला लागली. गिऱ्हाईक बायका आधी बिचकायच्या, मग त्यांना सवय झाली. एका बाईनं तर माप देता देता सांगितलं की तिला पुलाचं गाणं आवडतं, दुकानात ऐकून ऐकून. पोरांच्या परीक्षा असल्या की महिनाभर कुणी येत नसे आणि मग एकदम दोघं येऊन दुकानातला खाऊचा डबा रिकामा करून जात. तिच्या नवऱ्याची फळांची आडत आहे, त्यामुळं सीताफळाच्या दिवसांत दुकानात टोपली यायची आणि खाता खाता चर्चा लांबायची.

पुढच्या वर्षी बँड लातूरला आला, एका कॉलेजच्या कार्यक्रमाला. आम्ही चौघं गेलो. तास-दीड तासाचाच कार्यक्रम होता. लांबटं घेतलं नाही. शेवटी त्यांनी एक अगदी नवं गाणं म्हटलं, आधी कुणी न ऐकलेलं. गिटार नाही, ढोल नाही, फक्त पेटी आणि आवाज. मला ते काही जमलं नाही. गाणाऱ्याचा आवाज फुटत होता आणि शब्द कविसंमेलनातल्यासारखे वाटत होते.

बाहेर आल्यावर मी तसं म्हणाले. पोरंही माझ्या बाजूची होती.

"तुमाला तिघांना काई कळत न्हाई," ती म्हणाली. "आज त्यानं पहिल्यांदा आमाला ऐकू येईल असं म्हटलं. लई मोठं गाणं हाय ते."

"अगं, पेटी बेसूर होती."

"असू दे बेसूर. सुरुवात यानंच करायला पायजे होती."

"सुरुवात? यानं? लोक झोपले असते."

"झोपू दे ना. जागे राहतात तेवढ्यांसाठी गायचं."

लातूरपासून अंबाजोगाईपर्यंत ती एक इंच हटली नाही. मीही हटले नाही. स्टँडवर उतरल्यावर पोरं होस्टेलकडं गेली. आम्ही दोघी रिक्षात बसलो आणि तिचं घर येईपर्यंत तेच चाललं होतं. रिक्षा थांबल्यावर ती उतरली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "उद्या दुकानात ये. तुला ते परत ऐकवते."