दादांचा स्वेटर आणि महिन्यातले तीन दिवस

आमच्या तुळजापूरच्या घरात मला विणायला महिन्यातून तीन दिवस मिळायचे. तेवढेच. कुठले तीन, ते बायकांना सांगायला नको. पुरुषांनी वाचलं तर वाचू द्या, त्यांच्या घरात काय वेगळं असतंय?

कावळा शिवला की मी मागच्या पडवीत, घोंगडीवर. चूल बंद, देवघर बंद, पाणी भरणं बंद, पापड-कुरडया बंद. कुणी हाक मारायची नाही, कुणाला शिवायचं नाही, ताट लांबूनच सरकवून यायचं. लग्न होऊन आले आणि पहिल्यांदा अशी बसले तेव्हा भिंतीकडं तोंड करून रडले होते. दुसऱ्या खेपेला मात्र माझ्या ध्यानात आलं की अगं बाई, ही तर नुसती फुरसत आहे! बाकीच्या दिवसांत या घरात फुरसत हा शब्द फक्त सासऱ्यांच्या तोंडी असायचा.

विणायची मला लहानपणापासून आवड. शाळेत बाईंनी उलट-सुलट शिकवलं आणि मी जे सुटले ते बाहुलीची टोपी, भावाचा मफलर, आजोबांच्या तांब्याला झबलं, काही सोडलं नाही. पण हे सगळं खेळातलं. खरा स्वेटर एकच घेतला हाती, दादांचा.

दादा म्हणजे माझे वडील. ईट नावाच्या गावात शाळामास्तर. त्यांना दमा आहे. थंडी पडली की त्यांच्या छातीतनं अशी बारीक शिट्टी वाजते, की अंधारात सुद्धा दादा कुठं बसलेत ते कळावं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तर दादा उपरणं छातीवर फुलीसारखं बांधून वर तो निजामाच्या वेळचा कोट घालून शाळेत निघालेले. कोटाचं अस्तर खाली लोंबत होतं. मी म्हणाले, "दादा, मी तुम्हाला स्वेटर विणते. पूर्ण बाह्यांचा. डोक्यातनं घालायचा, म्हणजे छातीवर फट नको."

"जमंल का माय तुला, तिथल्या कामात?"

"न जमायला काय झालं?"

बस्स. एवढ्यावर दादांनी अख्ख्या ईटला सांगून टाकलं की माझी लेक स्वेटर विणायलीय.

ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सोलापूरहून लोकर आणून दिली. शेवाळी रंगाची. सुया माझ्या शाळेतल्याच, लोखंडी. आणि मार्गशीर्षात मी पडवीत बसून पहिले टाके घातले तर सासूबाई दारात येऊन उभ्या.

"काय करायलीस?"

"स्वेटर... दादांना."

"अशा दिवसांत? अन् हा अंगात घालून तुझे दादा पूजेला बसणार?"

माझ्या हातातनं सुईच गळाली. पण सासूबाई विचारात पडल्या. त्या विचारात पडल्या की पदराचं टोक दातात धरतात. मग म्हणाल्या, "लोकरीला विटाळ न्हाई. म्हणून तर घोंगडीवर बसवतो की तुला. पण सुया लोखंडाच्या, त्यांना आहे. चौथ्या दिवशी न्हालीस की सुया चिंचेनं घासायच्या अन् मगच कपाटात ठेवायच्या. तोवर दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई."

मला एवढा आनंद झाला की मी शिवता येत नसताना त्यांच्या पाया पडायला उठले. "बस, बस खाली!" म्हणून त्या दोन हात मागं पळाल्या.

त्या दिवसापासून थोरल्या जाऊबाईंना विषय मिळाला. मी बसले की माझी कामं त्यांच्यावर यायची ना! भाकरी थापता थापता तिकडून ओरडायच्या, "तुझा कावळा भारी शिकलेला बाई! आमचा मेला नुसताच शिवून जातो, तुझा लोकर घेऊन येतो."

वाईट नाहीत हां जाऊबाई. कुणीच वाईट नाही, तीच तर अडचण आहे. कुणी एकदा जरी म्हणालं असतं ना, की विणू नकोस, तर मी भांडले असते, रुसले असते, काहीतरी केलं असतं. उलट सगळे विचारायचे, कुठवर आला स्वेटर? आणि विचारून झालं की हातात सूप द्यायचे.

एरवीच्या दिवशी मी प्रयत्न केला नाही असं नाही. दुपारी सगळं आवरून खांबाला टेकून बसायचं, सुई टाक्यात घालायची, की दारात "आहेत का घरात?" देवीचं गाव आमचं. मंगळवार-शुक्रवार तर विचारूच नका, कुणाचे कोण नातेवाईक दर्शनाला येतात आणि जेवून जातात. एकदा चांगली चार ओळी पुढं गेले होते, तर जाऊबाईंच्या धाकट्यानं सुईच ओढून काढली आणि तलवार म्हणून अंगणात घेऊन गेला. टाके सगळे उघडे! मी त्या उघड्या टाक्यांकडं बघत बसले आणि आतनं हाक आली, दूध उतू चाललंय.

तर महिन्याला वीतभर. पाठ व्हायला थंडी संपली. उन्हाळ्यात पुढचा भाग, पावसाळ्यात गळा. गळ्याला टाके उचलताना चुकलं आणि कळलं चौथ्या दिवशी सकाळी, म्हणजे पुढचा महिनाभर ती चूक कपाटात ठेवून मी भांडी घासत होते. माझं लक्षच लागायचं नाही कशात. भाजीला फोडणी देताना सुद्धा मनात एक उलट, दोन सुलट.

ईटचं कुणी देवीला आलं की मी निरोप द्यायची, दादांना म्हणावं या साली विकतचाच घ्या, माझा भरवसा नाही. एकदा दादांच्या शेजारच्या काकू आल्या. मी हेच म्हणाले तर त्या हसायला लागल्या. "अगं, बार्शीच्या बाजारात आमच्यासोबतच होते की गुरुजी. दुकानदारानं चांगला जाड स्वेटर काढून दाखवला. तुझी आई म्हणली घ्या. तर म्हणले, नाहक कशाला? माझा तयार व्हायलाय."

माझा तयार व्हायलाय! मला तिथंच धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. म्हणजे मी विणते म्हणाले नसते तर दादांच्या अंगात आज स्वेटर असता. मी जेवढी सावकाश, तेवढे दादा उघडे.

श्रावण-भादव्यात एक बाही झाली. दुसरीचा काठ घातला. मी हिशेब केला, दिवाळीपर्यंत होतोय! नवरात्रात आमच्याकडं पाय ठेवायला जागा नसते, पण त्यानंतरचे माझे तीन दिवस पक्के होते. मी वाट बघायला लागले. आजवर कुठल्या बाईनं या गोष्टीची इतकी वाट बघितली नसेल.

आणि कावळा आलाच नाही.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. सासूबाई माझ्याकडं बघून गालात हसायला लागल्या. मला सकाळी उलट्या सुरू झाल्या. सासूबाईंनी देवीला खण-नारळ नेला, ह्यांनी पेढे आणले, सासऱ्यांनी कधी नव्हे ते मला विचारलं, काय खावंसं वाटतं? आणि मी रडायला लागले. सगळ्यांना वाटलं आनंदानं. आनंद होताच हो. पण मला एकदम दिसलं की आता नऊ महिने पडवी नाही, घोंगडी नाही. दुसरी बाही काठावरच राहणार.

जाऊबाईंना मात्र कळलं. मोरीपाशी मला गाठून म्हणाल्या, "स्वेटरसाठी रडायलीस ना? वेडी! मला शिकव. मी विणते बाही, माझ्या तीन दिवसांत. मला कुठं काय काम असतंय तेव्हा?"

मी त्यांच्या गळ्यातच पडले.

आता ऐका, काय झालं. शिकवायचं आधी, हे आमच्या दोघींच्या ध्यानातच नाही आलं. त्या आधीच्या दिवसांत दोघींना वेळ नव्हता. जाऊबाई बसल्या, मी लोकर-सुया पडवीत लांबून सरकवल्या आणि उंबऱ्याच्या अलीकडं पीठ मळत उभी राहिले.

"सुई डावीकडनं घाला. दोरा पुढं घ्या. पुढं, पुढं!"

"पुढंच घेतलाय की!"

"अहो ते तुमचं पुढं. स्वेटरचं पुढं."

"स्वेटरला काय तोंड आहे होय गं?"

त्यांचा हात धरून दाखवता येईना, सुया लोखंडी म्हणून त्या घेऊन चूक काढता येईना. मी कणकेच्या हातानं हवेत विणून दाखवायची. सासूबाई मधूनच म्हणायच्या, "अगं तिला शिवशील, मागं हो!" जाऊबाई मात्र जिद्दीच्या. तीन दिवस मान वर केली नाही. चौथ्या दिवशी न्हाल्या, सुया चिंचेनं घासल्या आणि बाही माझ्या हातात दिली. खाली मनगटाएवढी, वर पोत्याएवढी. प्रत्येक ओळीला त्यांनी कुठून कोण जाणे टाके वाढवले होते. त्यात दोन्ही पाय गेले असते.

"बरी झालीय ना?" जाऊबाईंनी विचारलं. डोळे लाल झाले होते त्यांचे.

मी हो म्हणाले. दुपारी त्या झोपल्यावर काठापर्यंत उसवली.

पौषात, शाकंभरीच्या नवरात्रात, दादा आले. मला दिवस गेल्याचं कळल्यावर त्यांना राहवेना म्हणून त्या थंडीत एसटीनं आले. अंगात तोच कोट, आत उपरणं. जोत्यावर बसले तर दोन शब्द बोलायला चार वेळा थांबत होते. सासूबाईंनी आल्याचा चहा दिला. मी आतून स्वेटर आणला, सुया लोंबत असलेला.

दादांनी तो मांडीवर पसरला, हात फिरवला. "काय मऊ आहे गं. एवढंच राह्यलंय?"

"एवढंच, दादा. एक बाही."

"मग आता माझं राहू दे. हे उसव अन् लेकराचं कर काहीतरी. लेकराला थंडी लवकर बाधते."

सासूबाई लगेच, "न्हाई हो व्याही, जन्माच्या आधी लेकराचं नवं काही करू नये. आमच्यात न्हाई चालत."

झालं. म्हणजे दादांचा पुरा करायचा तर वेळ नाही, बाळाचा सुरू करायचा तर रीत नाही. मी तो सुया लोंबणारा स्वेटर हातात घेऊन उभी. दादा म्हणाले, "बरं राहू दे, पुढं बघू," आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले. गाडीत बसताना त्यांनी खिडकी लावायचा प्रयत्न केला. ती लागत नव्हती. मी खालून बघत होते.

माघात निरोप आला, दादा अंथरुणाला खिळलेत. छातीत कफ धरला. बार्शीला नेलं, सुया टोचल्या. मला जाऊ दिलं नाही, या दिवसांत एवढा एसटीचा प्रवास नको म्हणून. त्यातही कुणाचं काय चुकलं? दादा वाचले. पण शाळेतनं त्यांना रजा घ्यावी लागली ती अजून चालूच आहे.

आणि चैत्र संपता संपता, सातव्या महिन्यात, मी बाळंतपणाला ईटला आले. इथं काय, आई मला काडी उचलू देत नाही. नुसती फुरसत. चार दिवसांत बाही पुरी! बाहेर वैशाखाचं ऊन, घामानं लोकर बोटांना चिकटायची, आई म्हणायची अगं बघूनच गरम होतंय, पण मी थांबले नाही. शिवून, धागे आत घालून, पाणी मारून सारखा केला आणि दादांपुढं धरला.

दादा खाटेवर उठून बसले. "आण, घालूनच बघतो."

"आत्ता? उन्हात?"

"दीड वर्ष वाट बघितलीय मी."

मी स्वेटर गोळा करून त्यांच्या डोक्याशी धरला. त्यांनी उजवा हात वर केला. खांद्यापर्यंत आला आणि थांबला. परत केला. परत तिथंच. दुखण्यानंतर त्यांचे हात खांद्याच्या वर जात नाहीत, दम कोंडतो. आईला, मला, कुणालाच हे माहीत नव्हतं, कारण उपरणं आणि बंडी सगळं पुढून बांधायचं. मी म्हणाले, डोकं आधी घालू. डोकं घातलं, तर हात आत अडकले आणि आतून दादांची शिट्टी ऐकू यायला लागली. आई घाबरून ओरडली, "काढ गं, काढ!" मी ओढून काढला. दादांचे केस उभे, तोंड लाल, आणि ते हसायचा प्रयत्न करत होते.

"समोरून उघडता न्हाई करता येणार?" आईनं विचारलं.

येतो. पण लोकर कापता येत नाही, कापली की सगळी सुटते. पुढचा सगळा भाग उसवायचा, दोन पाखं वेगळी विणायची, पट्ट्या, काजं, बटणं. मी आईला हे सांगितलं नाही. मान हलवली आणि गळ्याची गाठ शोधायला लागले.

आता दादा समोर बसून मी उसवलेली लोकर दोन्ही हातांवर गुंडाळून गुंडा करायलेत, हात छातीपाशीच ठेवून. मधून मधून विचारतात, "किती दिवस लागतील?" आठवा लागला की सुई हातात धरायची नाही, असं आईनं बजावलंय. आषाढात मी बाळंत होणार. भाद्रपदात तुळजापूर. तिथं मग मांडीवर मूल, आणि मूल अंगावर पीत असलं की बायकांचे ते तीन दिवस कितीतरी महिने परत येत नाहीत, असं आई म्हणते.

"थंडीपर्यंत होईल, दादा," मी म्हणाले.

"होईल की. घाई न्हाई," दादा म्हणाले आणि लोकर ओढायला लागले.