दिवा गेला, विषय संपला

विलास गाडीचं बॉनेट आधी कधीच उघडत नसे. ड्रायव्हरच्या सीटवर बसायचा, डोळे मिटायचा आणि हॉर्न दाबायचा. "आधी तिला बोलू दे," म्हणायचा. जोगेश्वरीच्या चाळीत तो आमच्या शेजारच्या खोलीत वाढला. मला सख्खा भाऊ नाही, म्हणून शाळेपासून माझी राखी त्यालाच. पुढे त्याने वाकोल्याला गॅरेज टाकलं, तरी राखीपौर्णिमेला आमच्या खिडकीखाली त्याचा हॉर्न वाजायचाच. तो वर येईपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलेलं असायचं.

गाडीत कुठला लाल दिवा पेटला की मी घाबरायची. विलास काहीतरी खटपट करून तो घालवायचा आणि हात झटकायचा. "दिवा गेला, विषय संपला!"

गेल्या वर्षी आमच्या जुन्या गाडीचा हॉर्न मुका झाला आणि एअरबॅगचा दिवा पेटून राहिला.

"स्टिअरिंगच्या आत वायरची गुंडाळी असते गं, ती तुटलीय," विलास म्हणाला. "हॉर्न आणि एअरबॅग, दोन्ही तिच्यावर. नवीन मिळत नाही आता. भंगारातल्या गाडीची काढून टाकतो."

"जुनी चालेल ना रे? आता गाडी मुग्धा चालवणार."

"तायडे, भाची आहे ती माझी. काय बोलतेस यार!"

मला माझीच लाज वाटली. गाडी परत आली तेव्हा हॉर्न खणखणीत होता, दिवा गेला होता. माझी मुलगी त्या गाडीने रोज कांजूरमार्गला नोकरीला जाऊ लागली.

मग एकदा मुग्धा मैत्रिणीच्या गाडीत बसून आली. "आई, तिची पण हीच गाडी आहे. किल्ली फिरवली की सगळे दिवे लागतात आणि मग विझतात. आपला एअरबॅगचा लागतच नाही."

घराजवळच्या गॅरेजवाल्याने सगळं उघडून दाखवलं. भंगारातून आणलेल्या गुंडाळीत हॉर्नची वायर तेवढी धड होती, एअरबॅगची तुटलेली. दिव्याचा बल्बच काढून टाकला होता.

मी तशीच वाकोल्याला गेले. विलासने नाकारलं नाही.

"दुसरी मिळेना गं. सांगितलं असतं तर तुझी झोप उडाली असती. दिवा बघून किती घाबरतेस तू! आणि एअरबॅग लागते कधी, सांग ना?"

माझ्या काळजीपोटीच केलं, असं त्याला खरंच वाटत होतं. त्याचाच मला जास्त संताप आला. गॅरेजच्या दारात त्याची स्वतःची गाडी उभी होती, किल्ली आतच. मी बसले आणि किल्ली फिरवली. एअरबॅगचा दिवा लागला, क्षणभर थांबला आणि विझला. अगदी व्यवस्थित.

"तायडे..." म्हणून तो नुसताच हात पुसत राहिला.

यंदाही राखीपौर्णिमेला खिडकीखाली हॉर्न वाजला. मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. मी दाराची कडी लावून घेतली. खाली तो बराच वेळ वाजवत होता.