टँकरच्या रांगेतली कॅसेट

ओल्या रबरी पाइपचा वास आला की दुष्काळातली, आमच्या नव्या कॉलनीतली टँकरची रांग आठवते. समोरच्या टपरीवर एका गायिकेची कॅसेट लागली होती. नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर तिनं त्यावरच सगळी गाणी केली होती. "खरं तेच गाती," एक शेजारीण म्हणाली. "घरातलं असं चव्हाट्यावर मांडतेत व्हय?" दुसरी फणकारली. मीही अक्कल पाजळली, "ज्यांना नांदता येत नाय, त्यांची गाणी ही." मागं माझी बहीण उभी होती, महिन्यापूर्वीच सासर सोडून आलेली. घागर रांगेतच ठेवून ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी लासूरला, नवऱ्याकडं. तिची घागर मीच भरून आणली. परवा माझ्या मोबाइलवर त्याच कॅसेटमधलं गाणं लागलं, तर बहिणीनं हात लांब करून बंद केलं. "मी नांदती ना आता," म्हणाली.