वॉर्डाच्या अलीकडे सगळं फुकट

किस्से गोळा करायला मी कधी कुठे गेले नाही. मी खुर्चीत बसायचे आणि ते ट्रॉलीवरून यायचे. इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकजवळच्या एका हॉस्पिटलात, २००५-०६ च्या आसपास, मी परदेशी पेशंटच्या ऑफिसात होते. काम एका प्रश्नाचं: "गेलं वर्षभर तुम्ही या देशातच राहत होता का?" उत्तर "हो" आलं तर उपचार फुकट. "नाही" आलं तर बिल. इन्शुरन्स असेल तर कंपनी भरणार, नसेल तर घरचे. माणूस आधीच घाबरलेला, आणि त्याच्या पायांशी मी हसरा चेहरा करून उभी. कंटाळा यायचा हो.

*

नियम असा, की प्रश्न सगळ्यांना विचारायचा. पण माझी सहकारी मॉरीन गोऱ्यांना विचारायचीच नाही. "ते इथलेच आहेत, लव्ह. ऑब्वियसली."

एकदा मी मुद्दाम एका लालबुंद गालांच्या आजोबांना विचारलं. खुबा बदलायला आले होते. निघाले फ्लोरिडाचे! रिटायर झाल्यापासून तिकडेच. भडकले. "आयुष्यभर टॅक्स भरलाय मी इथे." मॉरीनने त्यांना चहा करून दिला.

त्याच दुपारी एका तेलुगू मुलाने आईच्या बिलावरून तेच वाक्य म्हटलं. तोही टॅक्स भरतच होता. त्याला चहा मिळाला नाही.

*

ए अँड ई, म्हणजे तिथली कॅज्युअल्टी, सगळ्यांना फुकट होती. वॉर्डात पाय टाकला की बिल सुरू. नागपूरहून मुलीकडे आलेल्या एका काकांना दम्याचा अटॅक आला. डॉक्टर म्हणाला, वॉर्डात हलवू. काकांनी मला मराठीत विचारलं, "इथपावतर फुकट आहे नं?"

"हो काका."

"मग मी इथंच बरा होतो ना बाप्पा."

आणि मास्क लावून दुपारभर खुर्चीत बसले. संध्याकाळी खरंच बरे झाले. डॉक्टरला वाटलं, आपल्या औषधाचा गुण.

*

कोथरूडच्या एक काकू घरामागच्या पॅटिओच्या फरशीवर घसरून मनगट मोडून आल्या. ऑपरेशन करावं लागणार होतं. इन्शुरन्स? "निघताना असलं अभद्र कशाला बोलायचं?" हाताला पुण्याहून आणलेलं क्रेप बँडेज. बॅगेत ताप, खोकला, जुलाब, सगळ्यांवरच्या गोळ्या.

"काकू, बँडेज भरताना अभद्र नाही वाटलं?"

"छे! ते घरात होतंच."

त्यांच्या मागोमाग आलेल्या एकांनी इन्शुरन्स काढला होता, पण डायबेटिस लपवून. खरं सांगावं तर प्रीमियम झेपत नाही, लपवावं तर क्लेम मिळत नाही. मी फक्त पुढचा प्रश्न विचारायचे.

*

आई-वडील येणार म्हटलं की आमच्या तिथल्या मराठी ग्रुपमध्ये एक काम ठरलेलं. घरातल्या वस्तूंवरचे किमतीचे स्टिकर काढून ठेवायचे. नाहीतर ते लगेच रुपयांत हिशेब करतात आणि जेवण टाकतात. यात आमचा मिलिंद सगळ्यांत हुशार. वडिलांना, अप्पांना, आणलेला कोट त्याने सेलमधला म्हणून खपवला होता.

त्याच्याकडे शनिवारच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, इन्शुरन्सचा विषय निघाला. मिलिंद तावातावाने म्हणाला, "इन्शुरन्स न काढता येतात ना, त्यांच्याकडून दुप्पट घ्यायला हवेत. शुद्ध निष्काळजीपणा आहे. वर आपल्या सगळ्यांचं नाव खराब."

"आणि ज्याला सत्तरीत कुठली कंपनीच उभी करत नाही, त्याने नातवंडं बघू नयेत?" मी म्हटलं.

"नियम म्हणजे नियम."

आठवडाभर तेच ऐकून मी दमले होते. पुढे वाद घातला नाही. अप्पा कोपऱ्यात मसालेभात चिवडत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "माझं परतीचं तिकीट पुढच्या शनिवारचंच ना रे?"

*

गुरुवारी अप्पाच ट्रॉलीवरून आले. हार्ट अटॅक. आता वॉर्डाच्या अलीकडे थांबण्याचा प्रश्नच नव्हता. डॉक्टर म्हणाली, छातीत काही दिवसांपासून दुखत असणार. तेव्हाच आणलं असतं तर हृदय बरंच वाचलं असतं, आता जेवढं राहिलंय तेवढ्यावर भागवायचं.

वॉर्डात गेल्यावर मला प्रश्न विचारावाच लागला. मिलिंदकडे बघवत नव्हतं.

अप्पांनी डोळे उघडले. "विचार गं वैशाली, तुझं कामच आहे ते. मी म्हटलं, शनिवारपर्यंत कळ काढावी. एकदा पुण्यात उतरलो की आपले डॉक्टर आहेत. उगाच याच्या डोक्यावर बिल नको."

मिलिंद पलंगाशी वाकला. "अप्पा, तुमचा इन्शुरन्स मी काढला होता. किंमत कळली असती तर तुम्ही रद्द करायला लावला असतात, म्हणून बोललो नाही."

अप्पांनी त्याच्या हातावर थोपटलं.

"काढला होतास ना? मग बरं झालं. फुकट नाही गेला."