टीव्हीच्या दुकानात मी भावाला मारलं

आज दुपारी जे घडलं ते कुणाला तरी सांगायचंय, म्हणून तुम्हा सगळ्यांना लिहितोय.

मी आणि धाकटा भाऊ विनोद आज कारध्याहून भंडाऱ्याला मोठा टीव्ही घ्यायला गेलो. त्याला ओएलईडी हवा होता. मी म्हटलं, "आपल्या हॉलमध्ये दिवसभर ऊन राहते. क्यूएलईडीच घेऊ, त्याचा पडदा उजेडातही स्पष्ट दिसते."

"सगळं तूच ठरवून राहिला," तो म्हणाला. "आईले इलाजासाठी नागपूरले नेऊ म्हटलं, तेव्हाही तूच नाही म्हटलं. गेली ना ती?"

मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. त्याने माझी मान धरून मला मांडलेल्या टीव्हींवर आपटलं. एक पडदा फुटला. मी पुन्हा मारलं. दुकानदाराने आणि गिऱ्हाइकांनी आम्हाला ओढून वेगळं केलं, तेव्हा त्याचा ओठ फाटला होता आणि शर्ट रक्ताने भिजला होता.

दवाखान्यात टाके घालताना मी त्याचा खांदा धरायला गेलो.

"मले हात नोको लावू," एवढंच तो बोलला.

आता तो शेजारच्या खोलीत दार लावून बसलाय. आईबद्दल तो खरं बोलला होता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. माझ्या जागी तुम्ही असता, तर दार वाजवून आधी काय म्हटलं असतं?