दोन ओळींची जागा

सेन्सेईंचा राग दोनच शब्दांवर होता. जर्मनीत आखनला मी त्यांच्याकडे पीएचडी करत होते. माझ्या सिद्धतेत कुठे 'उघडच आहे' असं दिसलं की हा हळू बोलणारा जपानी गणिती हातातली पेन्सिल खाली ठेवायचा. "जोशी-सान, उघड असेल तर लिहून दाखवा. दोनच ओळी लागतील." त्या दोन ओळींत माझे तीन-तीन आठवडे जायचे.

पन्नाशी उलटलेला हा माणूस दोन-दोन वर्षांच्या करारांवर जगत होता. प्रत्येक करारानंतर व्हिसासाठी आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कचेरीच्या, रांगेत फाइल घेऊन उभा. विभागातले लोक त्यांना कौतुकाने 'आमचे साधू' म्हणत. साधूला कायमची नोकरी लागत नाही, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला तेव्हाही संताप यायचा.

शेवटी एक कायमची जागा निघाली. सेन्सेईंची अकरा वर्षांची सिद्धता पुरी झाली होती. तिसरं प्रकरण तपासायला त्यांनी माझ्याकडे दिलं. मला बहिणीच्या लग्नाला पुण्याला जायची घाई होती. एका पायरीशी अडले, समासात 'उघडच आहे' असं लिहिलं आणि विमान पकडलं.

मुलाखतीला आठवडा असताना त्यांना नेमकं तिथेच भोक सापडलं. मुलाखत होईपर्यंत गप्प राहा, म्हणून मी अक्षरशः हात जोडले.

ते म्हणाले, "मग तिथे मला 'उघडच आहे' म्हणावं लागेल."

त्यांनी समितीला तीन ओळींचं पत्र लिहिलं. 'चूक माझी', एवढंच. माझं नाव कुठेही नव्हतं. समितीच्या अध्यक्षांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठून ऐकवलं, "हे बघा, प्रामाणिकपणा थोरच. पण आम्हाला पुरं झालेलं काम हवं." जागा ज्याला मिळाली, त्याच्या कामातही पुढे चूक निघाली. ती 'दुरुस्ती' म्हणून छापून आली आणि त्याची खुर्ची तसूभरही हलली नाही.

सेन्सेई जपानला परतले. स्टेशनवर त्यांनी माझ्या हातात ते तिसरं प्रकरण ठेवलं आणि नेहमीसारखे वाकले. मला त्या समितीचा राग आहे. त्याहून जास्त सेन्सेईंचा आहे, कारण ते माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत.

आता मी कार्ल्सरूहेला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्या प्रकरणातलं ते पान माझ्या टेबलावर असतं. माझं 'उघडच आहे' त्यांनी खोडलं नव्हतं. त्याखाली पट्टीने दोन रेघा आखून ठेवल्या होत्या. त्या अजून कोऱ्या आहेत.